हातावर नजर कोणाची?

चि. बाळ,

सप्रेम आशीर्वाद.

गुरुवारी संध्याकाळी तू क्लिनिकमध्ये आलीस, शेवटचा पेशंट जाईपर्यंत मांडीच्या व्यायामाच्या क्वाड्रिसेप्स टेबलाच्या कडेवर बसून राहिलीस आणि मग पिशवीतून ते गुळगुळीत कागदाचे माहितीपत्रक काढून माझ्यासमोर ठेवलेस. एम.पी.टी.एच.ला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर पदवीला, जागा मिळाली आहे, महाविद्यालय नवे आहे, हायवेवर आहे, पदव्युत्तर अभ्यासक्रमाची ही पहिलीच बॅच आहे, घरापासून पाऊण तासावर आहे आणि आठवड्याभरात उत्तर द्यायचे आहे, हे सगळे तू एका दमात सांगितलेस. मी तेव्हा फारसे बोलले नाही, कारण त्या क्षणी मी जे बोलले असते ते तुझ्याविषयी कमी आणि माझ्याविषयी जास्त झाले असते. दोन रात्री विचार करून आता लिहिते आहे. तरीही तसेच होणार असेल, तर होऊ दे.

पुढे शिकावे की नाही, हा तुझ्यापुढचा प्रश्नच नाही. तुला शिकायचे आहे आणि शिकण्यासारखे तुझ्यात आहे, हे मी इतके महिने जवळून पाहिले आहे. त्यावर शाई घालवत नाही. प्रश्न एवढाच आहे की ही दोन वर्षे कोणाच्या हाती द्यायची. आणि त्याविषयी तू मला जे प्रश्न विचारलेस, त्यांतला एकही मला योग्य वाटला नाही. फी फार आहे का, हे तू तीन वेळा विचारलेस. लेझर आणि शॉकवेव्ह यंत्रे आहेत, म्हणजे प्रयोगशाळा चांगली असेल ना, असे विचारलेस. पहिल्या बॅचच्या पदवीला बाहेर किंमत मिळते का, असेही विचारलेस. पेशंट किती असतात आणि तुझ्याशेजारी उभे कोण राहणार, हे मात्र तू एकदाही विचारले नाहीस.

मान्यतेचे आधी उरकून टाकते. आरोग्य विद्यापीठाची संलग्नता याच अभ्यासक्रमासाठी आणि याच वर्षासाठी आहे का, त्याचे पत्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, बी.पी.टी.एच.ची, म्हणजे आधीच्या पदवीची, संलग्नता असली म्हणजे एम.पी.टी.एच.चीही असते, असे समजू नकोस. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आपल्या व्यवसायासाठी राष्ट्रीय आयोग आला आहे आणि नवी संस्था किंवा नवा अभ्यासक्रम सुरू करण्यासाठी पूर्वपरवानगीची अट आली आहे, तेव्हा त्याविषयीही स्पष्ट विचार. यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. तुझा मावसभाऊ अमेरिकेतल्या फिजिओथेरपीच्या तीन वर्षांच्या डी.पी.टी. पदवीविषयी सांगत होता, तिथेही नव्या अभ्यासक्रमाला आरंभी फक्त उमेदवाराचा दर्जा मिळतो, पूर्ण मान्यतेचा निर्णय पहिली बॅच बाहेर पडायच्या सुमारास होतो आणि ती मान्यता नसेल तर परवान्याच्या परीक्षेलाच बसता येत नाही. तिकडची मुले हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारतात. तूही विचार. पण कागद पुरे आहेत एवढ्याने समाधान मानू नकोस, कारण माझेही कागद पुरे होते.

२००३ साली मीसुद्धा पहिल्या बॅचमध्येच गेले. शहराचे आणि संस्थेचे नाव लिहीत नाही. इमारत नवी होती, रंगाचा वास अजून गेलेला नव्हता, यंत्रांवरचे प्लास्टिक निघालेले नव्हते. संलग्न रुग्णालयात कॉटा होत्या, त्यांवर कडक इस्त्रीच्या चादरी होत्या आणि त्या चादरींना सुरकुती पडत नव्हती, कारण त्यांवर कोणी झोपत नव्हते. ज्या मार्गदर्शकांचे नाव वाचून मी गेले होते, ते पहिल्या वर्षाच्या मध्यावर दुसरीकडे निघून गेले. प्रबंधासाठी पेशंट मिळेनात, म्हणून मी महाविद्यालयातल्याच ३० धडधाकट मुलांच्या हॅमस्ट्रिंगची, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंची, लवचिकता मोजली आणि त्यावर पदवी मिळवली. पहिल्या दोन महिन्यांतच मला सारे कळून चुकले होते. तेव्हाच जागा सोडायला हवी होती. पण वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून रक्कम काढून फी भरली होती, आणि त्यांच्यासमोर जाऊन 'चुकले' म्हणण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. मी त्यांना ते शेवटपर्यंत सांगितले नाही. याची खंत मला फीच्या पैशांपेक्षा जास्त आहे.

त्या दोन वर्षांत मी नेमके काय गमावले, ते मला पुण्याला परत आल्यावर, एका आखडलेल्या खांद्यापाशी कळले.

कसब्यातल्या एक काकू होत्या, साखरेचा त्रास असलेल्या. उजवा हात वर जात नव्हता. फडताळातला डबा काढता येत नव्हता, अंबाडा घालता येत नव्हता. मी रास्ता पेठेतल्या एका ज्येष्ठ बाईंच्या क्लिनिकमध्ये नुकतीच उमेदवारीला लागले होते. पदव्युत्तर पदवी भिंतीवर लावून झाल्यावर, बिनपगारी. काकूंना सहा आठवडे मी उपचार दिले आणि दर दोन आठवड्यांनी गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोनमापक, लावून कोन लिहून ठेवला: ७०, ८०, ९०, १०५ अंश. आकडे वाढत होते, मी खूश होते, माझ्याकडे पाहून काकूही खूश होत्या. अंबाडा मात्र अजून सूनच घालून देत होती. एके दिवशी बाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी काकूंच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्याच्या बाहेरच्या कडेवर, आपला तळवा रोवला आणि म्हणाल्या, "आता उचला हात." हात ६० अंशांच्या आसपास जाऊन थांबला. मग त्यांनी माझा हात घेतला, आपल्या तळव्याखाली ठेवला आणि काकूंना पुन्हा उचलायला सांगितले. फरा माझ्या बोटांखालून वर सरकताना मला स्पष्ट जाणवला.

बाहू कानापर्यंत जातो तेव्हाच्या साधारण १८० अंशांपैकी १२० खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० फरा फिरल्यामुळे येतात, हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिले होते आणि त्यावर चांगले गुण मिळवले होते. पण सांधा जागचा हलत नसताना पेशंट फरा उचलून ती उणीव भरून काढतो आणि आपल्याला खोटा कोन दाखवतो, हे माझ्या बोटांना कोणी शिकवलेच नव्हते, कारण दोन वर्षांत माझ्या हातावर कोणाची नजरच नव्हती. त्या सहा आठवड्यांत सांध्यात काहीही सुधारणा झाली नव्हती. काकूंचा वेळ गेला, पैसे गेले, आणि दुखणे होते तिथेच राहिले. बाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी कार्डावरचे माझे आकडे एक रेघ मारून खोडले आणि खाली त्या दिवसाची तारीख घातली.

म्हणून मी तुला पुन्हा पुन्हा एकच विचारणार: तुझ्या हातावर नजर कोणाची असणार आहे? आपली विद्या बोटांत उतरते, आणि बोटे चुकत आहेत हे त्या बोटांना आपले आपण कळत नाही. चुकीचा हात वर्षानुवर्षे आत्मविश्वासाने चालत राहतो. कोणीतरी मागे उभे राहून, आपला हात तुझ्या हातावर ठेवून, 'इथे बघ' म्हणावे लागते, आणि तेही एकदा नव्हे, रोज. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात: हाताखाली पेशंट आणि हातावर नजर. बाकीचे सगळे नंतर.

नव्यावर माझा राग आहे, असे मात्र समजू नकोस. प्रत्येक संस्था कधी ना कधी नवी होतीच. आपल्या देशातले फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी निघाले, ते पोलिओच्या साथीने लुळी पडलेली मुले दारात होती म्हणून. आपल्या वानवडीचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली सुरू झाले, कारण महायुद्धात हातपाय गमावलेले सैनिक परतत होते. खडकीचे पक्षाघात पुनर्वसन केंद्र १९७४ सालचे. मणक्याला इजा होऊन कमरेखालची शक्ती गेलेले जवान तिथे आधी डोळ्यांसमोर होते. या तिन्ही ठिकाणी पेशंट आधी आले आणि संस्था त्यांच्यामागून उभी राहिली. माझ्या बाई के.ई.एम.च्याच. पोलिओच्या मुलांना कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या, घालून चालवता चालवता त्यांचे हात घडले होते. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा त्या किती तरी वेळ काही बोलल्याच नाहीत. पोलिओ गेला, तरी अर्धांगवायू आहे, गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया आहेत, आयसीयूमध्ये कफ साठून श्वास अडकलेली माणसे आहेत. पेशंटांना तोटा नाही. ते त्या हायवेवरच्या इमारतीत येतात का, एवढाच प्रश्न आहे.

आणि येत असतील, शिकवणारी व्यक्ती स्वतः रोज ओपीडीत उभी राहत असेल, तर पहिल्या बॅचसारखी संधी नाही, हेही मी मनापासून सांगते. जुन्या नावाजलेल्या ठिकाणी सहा-सात जणांच्या गर्दीत पेशंटच्या पायाशी उभे राहून मान उंचावून पाहावे लागते. पहिल्या बॅचमध्ये तुम्ही दोघी-तिघी असाल आणि मार्गदर्शकाची नजर सबंध तुमचीच असेल. तसे असेल तर डोळे झाकून जा, आणि अंतर, इमारत, वसतिगृह यांतले काही मला विचारू नकोस.

तसे आहे की नाही, हे मात्र माहितीपत्रकातून कळत नाही. प्राचार्यांची वेळ घेऊन, आईबाबांना बरोबर घेऊन, चांगले कपडे घालून जाऊ नकोस. तेव्हा तुला सभागृह दाखवतील. मंगळवारी सकाळी साडेनऊला एकटी जा आणि ओपीडीच्या बाकावर दोन तास बस. किती पेशंट आले ते मोज. त्यांतले किती जण नुसता शेक आणि करंट घेऊन गेले आणि किती जणांना कोणी प्रत्यक्ष हात लावला, ते वेगळे मोज. साफसफाई करणाऱ्या मावशींना विचार की मार्गदर्शक म्हणून छापलेले डॉक्टर आठवड्यातून किती दिवस दिसतात. त्या खरे सांगतील. रुग्णालय त्यांचे स्वतःचे आहे की २० किलोमीटरवरच्या दुसऱ्या कोणाशी करार आहे, आणि करार असेल तर तिथे तुमच्याबरोबर कोण जाणार, की तुम्हाला तिथल्या स्टाफच्या भरवशावर सोडणार? विद्यावेतनाचे विचारायला हरकत नाही, पण ते शेवटी.

आता जे लिहिते आहे ते कदाचित तुझ्या कामाचे नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. काही वर्षांपूर्वी एका नव्या संस्थेने मलाच मार्गदर्शक म्हणून बोलावले होते. रोज यायची गरज नाही, नाव द्या, सह्यांपुरते या, असे त्यांचे म्हणणे होते. मानधन चांगले होते आणि त्या वर्षी मला पैशांची निकडही होती. मी नाही म्हटले. बरोबरीच्या काही जणींनी मला ताठ ठरवले, 'नव्या संस्थांना अनुभवी माणसे मदत करणार नाहीत तर त्या उभ्या कशा राहणार' असेही ऐकवले. त्या प्रश्नाचे उत्तर मी अजूनही शोधते आहे, कारण त्यात तथ्य आहे. पण माझे नाव वाचून कोणी मुलगी तिथे गेली असती, तिच्या वडिलांनी फंड मोडला असता, आणि एखाद्या काकूंच्या फऱ्यावर तिचा हात चुकीचा पडत असताना मी शनिवार पेठेत माझ्या क्लिनिकमध्ये बसलेली असते. ते मला जमले नसते. मी रोज जायला तयार होते. रोज त्यांना नको होते. ज्यांनी मला ताठ म्हटले त्यांना मी हे कधी समजावून सांगितले नाही, तुला सांगते आहे.

तुझ्या आईचे म्हणणे मला समजते. हातात आलेली जागा सोडू नये, वर्ष फुकट जाईल, हे त्या काळजीने म्हणतात. पण वर्ष फुकट जाणे म्हणजे काय, हे त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे. माझी दोन गेली आणि ती भरून काढायला पुढची तीन लागली, सकाळी सात वाजता पीएमटीने रास्ता पेठेत पोहोचून. जागा सोडावी लागली तर एक वर्ष माझ्याकडे काम कर. पगार देईन, थोडा असेल, पण देईन, आणि तुझ्या हातावर नजर ठेवीन. पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी दे. हे तुला थांबवण्यासाठीचे आमिष नाही. तिकडचे आकडे चांगले निघाले तर तुझी फी भरायला मी स्वतः तुझ्याबरोबर येईन.

जागा रद्द करण्याची शेवटची तारीख कोणती आणि त्यानंतर किती रक्कम अडकते, ते आजच लेखी विचारून घे. मंगळवारी ओपीडीत बस. बुधवारी संध्याकाळी आठनंतर क्लिनिकवर ये, तेव्हा गर्दी नसते. येताना वहीत तीन आकडे लिहून आण: दोन तासांत किती पेशंट आले, किती जणांना हात लावला गेला, आणि विद्यार्थ्याचा हात पेशंटवर असताना किती वेळा एखादे ज्येष्ठ माणूस त्याच्यामागे येऊन उभे राहिले. तिसरा आकडा आधी सांग.

तुझी,
मॅडम