सोलापूर विद्यापीठाची वेबसाइट आधी कशी दिसायची, हे आता कुठे बघायला मिळेल?

इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या 'वेबॅक मशीन'वर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर मिळेल, तेही फुकट. तिथे विद्यापीठाचा पत्ता, एसयूएस डॉट एसी डॉट इन, टाका, वरच्या पट्टीत वर्ष निवडा आणि खाली कॅलेंडरात ज्या तारखेवर रंगीत ठिपका दिसेल ती उघडा. हा संग्रह १९९६ पासून साठत आलाय आणि आपलं विद्यापीठ २००४ चं, म्हणजे काळाची अडचण नाही. प्रत कधीची हे ओळखायला नाव बघा: २०१९ मध्ये 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर' हे नाव जोडलं गेलं, त्यामुळे माथ्यावर नुसतं 'सोलापूर विद्यापीठ' असेल तर ती बहुधा त्याआधीची.

एक मात्र लक्षात ठेवा. बऱ्याच प्रतींत चित्रं किंवा मांडणीच्या फाइल जतन झालेल्या नसतात. मेनू एकाखाली एक निळ्या लिंकांच्या रांगेत उतरलेला दिसतो. ते जुनं डिझाइन नव्हे, अर्धवट प्रत आहे, म्हणून शेजारच्या दोन-तीन तारखा उघडून ताडून बघा. बैठक क्रमांक टाकून उघडणारे निकाल तर तिथे सापडणारच नाहीत, कारण आर्काइव्हचा प्रोग्रॅम फॉर्म भरत नाही. आजचं पान टिकावं असं वाटत असेल तर तिथलंच 'सेव्ह पेज नाऊ' वापरा, जरूर वापरा.