झाडांच्या हार्मोनवर शिकून पोट भरेल का?

नमस्कार,

मुलगी बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कडधान्यांतली रोग-किडीपासून वाचवणारी संरक्षक जनुकं संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोनच्या, हुकमावर कशी चालतात, यात तिला पुढे शिकायचंय आणि घरचे म्हणतात, ‘एमपीएससीचा क्लास लाव.’ तुमचं पत्र थोडक्यात असं.

विषय तुमच्या वावरातलाच आहे. मर रोग लागलेलं हरभऱ्याचं झाड उपटून खोड उभं चिरलं की आत काळपट तपकिरी रेघ दिसते, ती तुम्ही पाहिली असेलच. फ्युजेरियम बुरशी तिथल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत शिरते. त्याच रोगट प्लॉटमध्ये जेजी 62 हे हरभऱ्याचं वाण मान टाकतं आणि राहुरी कृषी विद्यापीठाचं दिग्विजय वाण तग धरतं. असं का, याचं एक उत्तर संरक्षक जनुकं किती लवकर जागी होतात यात आहे, आणि त्यांना जागं करण्यात सॅलिसिलिक आम्ल, जास्मोनिक आम्ल नि इथिलीन या संप्रेरकांचा मोठा हात असतो. घाटेअळीने पान कुरतडलं की जास्मोनिक आम्ल वाढतं, जनुकांना दाबून ठेवणारी जॅझ प्रथिनं मोडीत निघतात आणि अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार होऊ लागतात. गोम अशी की सॅलिसिलिकचा जोर वाढला की जास्मोनिकचा मार्ग बहुधा दबतो. वर कडधान्याची वेगळीच अडचण : मुळांवर गाठी धरायच्या तर रायझोबियम या उपयोगी जिवाणूला आत घ्यावं लागतं, म्हणजे तिथे बचाव थोडा ढिला सोडावा लागतो. त्यामुळे एखादं संप्रेरक फवारलं आणि मर थांबली, इतकं हे सरळ नाही. संशोधनाला काम भरपूर उरलंय.

आता पोटाचं. मी तिला एम.एस्सी. वनस्पती रोगशास्त्रात करायला सांगेन, प्रबंध मात्र जनुकांवर घ्यावा. नुसत्या बायोटेकपेक्षा यात बियाणे कंपन्या, कृषी विज्ञान केंद्रं, अगदी कृषी सेवेची परीक्षासुद्धा हाताशी राहते. राज्यातल्या विद्यापीठांसाठी पीजी सीईटी, बाहेरच्यांसाठी आयसीएआरची परीक्षा, दोन्ही द्याव्यात. पुढे पीएचडी करायची तर जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवूनच. महिन्याला 37,000 रुपये मिळतात, घराकडे हात पसरावा लागत नाही. पुण्याची एनसीएल, दिल्लीची एनआयपीजीआर, कानपूरची आयआयपीआर, पटांचेरूची इक्रिसॅट या संशोधन संस्था ही या कामाची ठिकाणं. पण पीएचडीला चार-पाच वर्षं सहज जातात आणि नंतरही कायम नोकरीला वाट पाहावी लागते, हे धरून चाला.

क्लासची फी आत्ताच भरू नका. आधी सुट्टीत तिला महिनाभर एखाद्या प्रयोगशाळेत बसू द्या. द्रव नायट्रोजन ओतून मुळं खलात कुटायची, जनुक जागं झालंय का ते सांगणारा आरएनए काढायचा, तो खराब निघाला की पुन्हा पहिल्यापासून. याला ती कंटाळली तर एमपीएससी आहेच.

आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या. तिचे गुण आणि इंग्रजी शोधनिबंध वाचायला तिला कितपत जमतं, हे तुमच्या पत्रात नाही.