व्हिटेकरच्या खटल्यात लोक कुणाच्या बाजूचे होते?

प्रश्न : सैनिकी अकादमीतल्या कॅडेटवर खटला भरला की लोकांत लगेच दोन तट पडतात. कुणी म्हणतं संस्थेची बदनामी चाललीय, कुणी म्हणतं पोराला अडकवलंय. मागच्या अंकात तुम्ही वेस्ट पॉइंट या अमेरिकेच्या सैनिकी अकादमीतल्या व्हिटेकरचा ओझरता उल्लेख केला होता. तेव्हाही असंच झालं का? आणि लोकांच्या आरडाओरड्याने निकालात काही फरक पडतो का?

उत्तर : तट तेव्हाही पडले होते. फरकही पडला, पण अर्ध्यावरच थांबला, आणि मला त्याचाच राग येतो.

जॉन्सन व्हिटेकर १८५८ साली साउथ कॅरोलिनात गुलाम म्हणून जन्मला आणि १८७६ मध्ये वेस्ट पॉइंटला दाखल झाला. १८८० साली तिथे तो एकटाच कृष्णवर्णीय कॅडेट होता. बाकीची मुलं त्याच्याशी कामापुरतंही जेमतेम बोलत. ६ एप्रिलच्या सकाळी तो हजेरीला आला नाही. खोलीत जाऊन पाहिलं, तर पाय पलंगाला बांधलेले, कानांवर वार आणि अंगावर रक्त. त्याने सांगितलं, मुखवटे घातलेल्या तिघांनी रात्री मारलं. अकादमी म्हणाली, परीक्षा टाळण्यासाठी यानेच हे नाटक रचलं. चौकशी करा, अशी मागणी त्याने स्वतः केली. चौकशीने त्यालाच दोषी ठरवलं.

देशभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलून धरली. सुरुवातीला अनेकांना त्याची कणव आली, पण चौकशी लांबत गेली तसा संशय त्याच्याकडेच वळू लागला. अकादमीचे अधीक्षक जनरल स्कोफील्ड यांनी तर त्या वर्षीच्या अहवालात लिहिलं, की गुलामीत जन्मलेल्या मुलाला इथे स्पर्धेला पाठवणं म्हणजे शेतावरच्या घोड्याला जातिवंत घोड्यांबरोबर शर्यतीत उतरवणं. न्यायाची जबाबदारी असलेल्या माणसाचे हे शब्द! तरीही लोकांनी विषय लावून धरला होता, म्हणूनच स्कोफील्ड यांची जागा जनरल हॉवर्ड यांना मिळाली आणि व्हिटेकरला न्यूयॉर्कमध्ये कोर्ट मार्शलपुढे, म्हणजे लष्करी न्यायालयापुढे, आपली बाजू मांडता आली. एवढं श्रेय मी त्या आरडाओरड्याला मनापासून देते.

खटल्याचा कणा होता एक चिठ्ठी. हल्ल्याआधी त्याला मिळालेली, सावध राहा असं बजावणारी. ती त्याच्याच हातची आहे, असं हस्ताक्षरतज्ज्ञांनी सांगितलं. त्यासाठी त्याचे इतर कागद शेजारी ठेवून अक्षरं ताडून पाहिली गेली. ‘तो खरा की खोटा’ या वादात किती जणांनी विचारलं असेल, की हे कागद पुरावा म्हणून चालतात का? जून १८८१ मध्ये तो दोषी ठरला : बडतर्फी, एक डॉलर दंड आणि एक वर्ष कैद. पुढे सरकारी कायदेतज्ज्ञांनी नेमकं तेच सांगितलं, की हस्ताक्षराची ती तुलना पुराव्यात धरायलाच नको होती. मार्च १८८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी निकाल रद्द केला.

म्हणून माझं उत्तर असं : बाजू घ्यायची तर घ्या, पण आधी पुराव्याचा कागद कुठून आला ते विचारा. संस्थेची अब्रू आणि मुलाचं चारित्र्य या दोन्ही गोष्टी त्यानंतरच्या. आणि निकाल लागला म्हणून बातमीवरून नजर काढू नका. ज्या दिवशी आर्थर यांनी शिक्षा रद्द केली, त्याच दिवशी युद्धमंत्री रॉबर्ट लिंकन यांनी १८८०च्या एका परीक्षेत नापास झाल्याचं कारण देऊन व्हिटेकरला अकादमीतून काढून टाकलं. पुढे त्याने शिक्षक म्हणून आणि वकील म्हणून काम केलं. १९३१ साली तो वारला. लष्करातलं अधिकारपद त्याला मिळालं ते मरणोत्तर, १९९५ साली, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हातून. मी त्या जागी असते तर निकालाचा आनंद करण्याआधी एकच चौकशी केली असती : उद्या सकाळी हा मुलगा अकादमीच्या हजेरीपटावर आहे की नाही?