वाचक विचारतात : गवत कापायची मशीन आणि माळ्याचे कान

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो. माझे बाबा ११ वर्षं एका ठेकेदाराकडे माळीकाम करतायत, घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समध्ये खांद्यावरची पेट्रोलची ग्रास कटर मशीन चालवतात, पावसाळ्यात तर रोज पाच-सहा तास. घरी आले की टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारचे बोलतात. रात्री कानात रातकिडे ओरडल्यासारखं वाटतं म्हणे. परवा भाजीवाली साठ रुपये म्हणाली, बाबांनी ऐकलं आठ, आणि तिथेच वाद झाला, मला खूप वाईट वाटलं. कानात कापूस घालतात आणि म्हणतात मला आवाजाची सवय झालीये. हे बरं होतं का? कुठे दाखवायचं? ठेकेदाराला सांगितलं तर काम जाईल अशी त्यांना भीती वाटते.

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि त्या साठ-आठवरच थांबले. मी रोज लोकांचे कान तपासते आणि आवाजात काम करणाऱ्यांची सुरुवात नेमकी अशीच होते. मोठ्या आवाजाने आधी बारीक, उंच पट्टीचे सूर जातात. तपासणीच्या कागदावर ३००० ते ६००० हर्ट्झच्या (सूर किती उंच ते सांगणारं माप) मध्ये, बहुतेक वेळा ४००० ला, रेघ खड्ड्यात पडल्यासारखी खाली जाते. स, श, फ, थ ही अक्षरं त्याच वरच्या भागात येतात, त्यामुळे साठमधला स गेला की आठच उरतो. माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही, मग तो म्हणतो तुम्ही लोक पुटपुटता, नीट बोलत नाही, आणि घरचे म्हणतात बाबा लक्षच देत नाहीत, दोघंही आपापल्या जागी खरे असतात गं.

आता सवयीचं. बाबांना माझ्याकडून सांग की कानाला आवाजाची सवय होत नाही. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो, त्यात केसांसारखे बारीक तुरे असलेल्या पेशी असतात, एकेका कानात साधारण १५ हजार. बाबा माळी आहेत, त्यांना हे लगेच कळेल : हिरवळीवरून एकदा चाललं तर दबलेलं गवत सकाळपर्यंत उभं राहतं, पण रोज त्याच जागेवरून चाललं की पायवाट पडते. पहिल्या काही वर्षांत संध्याकाळी कान बंद झाल्यासारखे वाटायचे आणि सकाळी मोकळे व्हायचे, ते दबलेलं गवत होतं. आता मशीनचा त्रास वाटेनासा झालाय, कारण त्या पट्टीच्या पेशीच गेल्यात. आणि लॉनवर नवीन गवत लावता येतं, या पेशी माणसाच्या कानात परत उगवत नाहीत. म्हणून गेलेलं ऐकणं औषधाने परत येईल असं मी तुला सांगणार नाही, कोणी तेल किंवा गोळ्यांनी बरं करतो म्हणालं तर पैसे देऊ नका. पण जे शिल्लक आहे ते आजपासून मशीनच्या आवाजापासून वाचवता येतं, आणि ते बरंच असणार, कारण बाबा अजून तुझ्याशी फोनवर बोलतात ना?

तपासणी करूनच घ्या. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा ओपीडीत दाखवा, आणि पगारातून ईएसआयसी (कामगार विमा) कापली जात असेल तर ईएसआयच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन पुढे जा. जायचं शक्यतो सोमवारी सकाळी, रविवारची सुट्टी झाल्यावर, म्हणजे आदल्या दिवशीच्या मशीनचा थकवा रिपोर्टमध्ये येणार नाही. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीकसा बीप ऐकू आला की बटण दाबायचं, दुखत-बिखत काही नाही. डॉक्टर आधी कानात मळ आहे का बघतील, शुगर विचारतील, चालू असलेल्या गोळ्या विचारतील, त्या पिशवीत घालून न्या. दोन्ही कान साधारण सारखेच उतरले असतील तर तो बहुतेक मशीनचाच परिणाम. मात्र कधी एकाच कानाचं ऐकणं एकदम, एका दिवसात गेलं तर सोमवारची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, त्याचे उपचार पहिल्या काही दिवसांतच चालतात.

कापसाचं मला खरंच वाईट वाटतं, कारण काळजी घेतोय या समाधानात माणूस वर्षानुवर्षं काम करत राहतो. कापसाने जेमतेम चार-पाच डेसिबल (आवाज किती मोठा ते मोजायचं माप) कमी होतात. पेट्रोलची ग्रास कटर चालवणाऱ्याच्या कानाशी ९५ ते १०० डेसिबल सहज भरतात. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमात ८ तासांसाठी ९० ची मर्यादा धरली होती, अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी नायोश ही सरकारी संस्था ८५ म्हणते, आणि मी त्यांचंच मानते. त्यांच्या हिशोबाने दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा : ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला फक्त अर्धा तास. बाबा पाच-सहा तास चालवतात, तू लिहिलंयस.

काम जाण्याची भीती खरी आहे, मी ती खोटी म्हणणार नाही. म्हणून पहिल्यांदा पैशाची किंवा भरपाईची भाषा नको, चार-पाच जणांनी मिळून फक्त इअरमफ मागा, म्हणजे हेडफोनसारखे पूर्ण कान झाकणारे कप, काही शे रुपयांची वस्तू आहे, एकट्याने मागू नका. पण रिपोर्ट, पगाराच्या स्लिपा, कुठल्या कॉम्प्लेक्सला किती वर्षं काम केलं हे सगळं एका फाइलमध्ये जपून ठेव. आवाजामुळे आलेला बहिरेपणा १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या यादीतसुद्धा कामामुळे होणारा आजार म्हणून होता, तेव्हा पुढे गरज पडली तर हे कागद लागतील. ऐकायचं मशीन लागलं तर लाजू नका म्हणावं, चष्म्याला कोणी लाजतं का?

प्रश्न : मी नेरूळला एका गार्डन मेंटेनन्सच्या कामावर सुपरवायझर आहे, हाताखाली ९ माणसं. सगळ्यांना फोमचे इअरप्लग आणून दिले, दोन दिवस घातले, आता खिशात असतात. म्हणतात गरम होतं, कान ठणकतो, कोणी हाक मारली तर कळत नाही. काय करू?

उत्तर : दादा, तुम्ही आणून दिलेत हेच खूप आहे, आता घालायला शिकवा, कारण बहुतेक जण प्लग कानाच्या तोंडाशी बुचासारखा टेकवतात आणि तो काहीच अडवत नाही. हात साबणाने धुवायचे. प्लग बोटांत वळून अगदी बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे आतली वाट सरळ होते, मग प्लग आत सरकवून बोटाने अर्धा मिनिट धरून ठेवायचा, तो फुगेपर्यंत. नीट बसला असेल तर स्वतःचा आवाज घुमल्यासारखा ऐकू येतो आणि समोरून बघणाऱ्याला प्लग फारसा दिसत नाही. हे एकदा सकाळी मशीन काढायच्या आधी प्रत्येकाकडून करून घ्या, एकेकाच्या कानाकडे बघून.

पण माळीकामात मला फोम फारसा आवडत नाही. हाताला माती, पेट्रोल, टू-टी ऑइल लागलेलं असतं, दिवसात चार वेळा तो प्लग काढून घातला की ती सगळी घाण कानात, त्यात आपला जून ते सप्टेंबरचा दमटपणा, कानात बुरशी धरते आणि मग ठणकतो, तुमची माणसं खोटं बोलत नाहीयेत. दोरी असलेले रबरी प्लग घ्या, ते वळायला लागत नाहीत आणि रोज धुता येतात, नाहीतर इअरमफ, थांबून थांबून काम असेल तर मफच बरा. फक्त टोपी किंवा डोक्याला बांधलेला रुमाल मफच्या खाली येऊ देऊ नका, फट राहिली की आवाज तिथूनच आत येतो. आणि मफखाली मोबाइलचे इअरफोन घालून गाणी लावणं एकदम बंद.

काढून ठेवण्याचा हिशोब त्यांना जरूर सांगा, मी सांगते तेव्हा लोक गप्प होतात. ३० डेसिबल कमी करणारं साधन ८ तासांच्या कामात फक्त अर्धा तास काढून ठेवलं, तर दिवसभराचा फायदा १२ डेसिबलच्या वर जात नाही. हाक ऐकू येत नाही म्हणतात त्यावर हाताच्या खुणा ठरवा, आणि मशीनवाल्याच्या मागून कोणी जायचं नाही, समोरून येऊन दिसायचं, मग तो थ्रॉटल सोडेल.

आवाज मुळात कमी करणं हे तर तुमच्याच हातात आहे. सायलेन्सरमध्ये कार्बन बसलाय का, गार्डचे स्क्रू ढिले होऊन खडखडतायत का, पातं बोथट झालंय का, हे आठवड्याला बघा. एकाच माणसाच्या खांद्यावर दिवसभर मशीन नको, आलटून पालटून द्या. पुढची खरेदी बॅटरीवाली करता आली तर करा, बराच फरक पडतो. आणि मागे गवत गोळा करणाऱ्या ताई, त्यांना तुम्ही मोजलंत का? दगड उडतात म्हणून मशीनपासून १५ मीटर लांब राहायचंच असतं, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी होतात तो वेगळा फायदा. तरी प्लगची एक जोडी त्यांनाही द्या.

प्रश्न : वाशीतल्या आमच्या सोसायटीत सकाळी सातला पालापाचोळा उडवायचा ब्लोअर सुरू होतो, मेंबर तक्रार करतात. नियम काय आहे? – सेक्रेटरी

उत्तर : २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत राहत्या भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. म्हणजे सातची वेळ दिवसात धरतात, पण दोन टॉवरच्या मध्ये पोडियमवर भिंतींवरून आवाज परत येतो, म्हणून नऊनंतर ठेवलात तर सगळ्यांनाच बरं. तिसऱ्या मजल्यावर तुम्हाला जो त्रास होतो, त्याच्या कितीतरी पट ब्लोअर पाठीला बांधलेल्या मुलाच्या कानाशी असतो, हात लांब केल्यावर टेकेल एवढ्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तिथे ८५ च्या वर आहे असं समजा. ठेकेदाराचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू कराल तेव्हा त्यात इअरमफ आणि वर्षातून एकदा कानाची तपासणी लिहून घ्या, त्याचे जे काही जास्तीचे पैसे होतील ते सोसायटीने द्यावेत. ब्लोअर अर्ध्या थ्रॉटलवर चालवायला सांगा, आणि पार्किंगमध्ये तर खराटाच पुरतो.