सीएलएल (रक्ताचा एक कॅन्सर) असलेल्या बाबांच्या लघवीतून प्रोटीन जातंय, कॅन्सर किडनीत पसरला का?

लगेच तसं धरू नका. सीएलएलच्या पेशी किडनीत शिरलेल्या बऱ्याचदा सापडतात, पण निव्वळ त्यामुळे किडनी निकामी होणं क्वचितच. लघवीला फेस, पायांवर सूज असेल तर किडनीतल्या बारीक गाळण्यांनाच इजा झालेली असू शकते. अनेकदा या पेशींनी बनवलेली सदोष अँटिबॉडी तिथे साचते. नक्की काय ते किडनीच्या बायोप्सीतच (बारीक तुकडा काढून तपासणं) कळतं. नेफ्रॉलॉजिस्टनी (किडनीतज्ज्ञांनी) ती सुचवली तर कृपा करून टाळू नका, कारण पांढऱ्या पेशींचा आकडा फार नसला तरी अशा वेळी सीएलएलवर उपचार सुरू करावे लागू शकतात, आणि त्यानेच किडनी सावरू शकते. सीएलएलवरच्या व्हेनेटोक्लॅक्स या औषधाने पेशी झपाट्याने फुटून पोटॅशियम, युरिक ॲसिड वाढू शकतं. म्हणून ते 20 मिलिग्रॅमपासून 5 आठवड्यांत 400 पर्यंत चढवतात. आणि अंगदुखीला मनाने डायक्लोफिनॅक (किडनीला इजा करू शकणारी वेदनाशामक गोळी) अजिबात देऊ नका.