सोलापूरहून वयस्कर आई-वडिलांना घेऊन काश्मीर आणि वैष्णोदेवी एकाच सहलीत करता येईल का?

आपल्या आई-वडिलांनी पासष्टी ओलांडली आहे, एप्रिलअखेर आठ दिवसांची रजा मिळते आहे आणि तेवढ्यात वैष्णोदेवी, श्रीनगर, गुलमर्ग, पहलगाम व जमल्यास अमरनाथ बसवता येईल का, असे आपण विचारले आहे. अमरनाथ यादीतून काढूनच टाकावे. ती यात्रा आषाढ-श्रावणात असते, गुहा ३,८८८ मीटर उंचीवर आहे, आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे असते आणि सत्तरीपुढच्या यात्रेकरूंना परवानगी मिळत नाही. बाकीचे सर्व कागदावर तरी आठ दिवसांत बसते. सहल कंपन्या तर ते सहा दिवसांतही बसवून देतात, आणि नेमके त्याविषयीच मला लिहायचे आहे.

आम्ही आईला घेऊन गेलो तेव्हा श्रीनगरपर्यंत थेट रेल्वे नव्हती. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जम्मू आणि पुढे रामबनच्या दरडींमधून रस्त्याने, असा प्रवास होता. सोबत ताई आणि दाजी होते. सहलीचा छापील कार्यक्रम दाजींनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि एकेक ठिकाण झाले की ते त्यावर लाल पेनाने खूण करीत. श्रीनगरच्या पहिल्याच दिवशी त्यावर निशात, शालिमार, चश्मेशाही, परीमहाल, हजरतबल आणि संध्याकाळी शिकारा, इतके सगळे होते.

निशातमध्ये पोहोचलो आणि आई तिथेच थांबली. ही बाग नूरजहानचा भाऊ असफखान याने १६३३ च्या सुमारास दल सरोवराच्या काठी बांधवून घेतली. तिच्या बारा पायऱ्यांसारख्या बारा गच्च्या मागच्या झबरवान डोंगराच्या दिशेने चढत जातात. गोपीतीर्थ नावाच्या झऱ्याचे पाणी वरून मधल्या दगडी पाटात येते आणि गच्चीगणिक खाली उतरते. पंप नसताना केवळ उतारावर कारंजी उडावीत, अशी ती मूळ रचना आहे. एका गच्चीवरून दुसरीवर पाणी पडते तिथे तिरकी शिळा बसवलेली असते आणि तिच्यावर ओळीने खाचा कोरलेल्या असतात. गुळगुळीत दगडावरून पाणी मुकाट्याने सरकून गेले असते. या खाचांत ते अडते, फुटते, पांढरे होते आणि वाजते. आमच्या घरी पूर्वी यंत्रमाग होते, चादरींवरच्या जॅकार्डच्या नक्षीत आईचा जन्म गेला. तिने पदर खोचला, शिळेजवळ उकिडवी बसली आणि खाचांची ओळ कुठे संपून पुन्हा कुठे सुरू होते, हे बोटाने मोजू लागली. मग पाटाच्या कडेला येऊन पाण्यात पाय सोडून बसली, ती उठेचना. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि पहाटे उठून पिंपे भरावी लागतात, त्या गावातल्या बाईला पाणी असे उगाच वाहताना पाहून काय वाटले असेल, हे मी वेगळे सांगायला नको.

बागेतल्या माळ्याने तिला तिथली एक दंतकथा सांगितली. शाहजहानला या बागेचा मत्सर वाटला आणि त्याने तिचे पाणी तोडले. मालक उदास होऊन झाडाखाली पडला असताना एका नोकराने जिवाची पर्वा न करता ते पुन्हा सोडले. मी भाषांतर करून सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे पाणी सोडणारा माणूस तिथंही हाताशी लागतोच की."

दाजींचा संयम मात्र सुटला होता. गाडीवाला थांबला आहे, चार ठिकाणे राहिली आहेत, पैसे भरले आहेत, असे ते दर थोड्या वेळाने येऊन सांगत होते. शेवटी, "बागाच बघायच्या तर सोलापुरात हुतात्मा बाग आहे, इतक्या लांब देवासाठी आलो आहोत," असे ते बोलून गेले. मी आईजवळ थांबलो आणि ते ताईला घेऊन पुढे गेले. आजही घरात कार्य असले की पंगतीत त्यांचे हे वाक्य हमखास येते: "आईंना काश्मीर दाखवलं, पण अर्धंच."

देवाचेच म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी मंडळी सोनमर्गला गेली आणि मी वेगळी टॅक्सी करून आईला तुळमुळच्या खीरभवानीला नेले. श्रीनगरपासून साधारण पंचवीस किलोमीटरवर, चिनारांच्या सावलीत, झऱ्याच्या कुंडाच्या मधोमध रागन्यादेवीचे छोटे संगमरवरी मंदिर आहे. ज्येष्ठ अष्टमीला तिथे काश्मिरी पंडितांची मोठी जत्रा भरते. कुंडातल्या पाण्याचा रंग बदलतो आणि तो काळवंडला तर अरिष्ट येते, अशी श्रद्धा आहे. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या तलावाभोवती आयुष्य काढलेल्या आईला पाण्यातला देव नवा नव्हता. तिने दूध-खीर वाहिली, कुंडाला प्रदक्षिणा घातली आणि सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत करते तसा मनातल्या मनात घरातल्या सर्वांच्या नावांचा पाढा म्हटला, त्यात दाजींचेही नाव होते. छापील कार्यक्रमात हे ठिकाण नव्हतेच. वाहन थांबवायला सोयीचे आणि खरेदीच्या दुकानांजवळचे तेवढेच काश्मीर त्या कागदावर असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. वैष्णोदेवी आणि काश्मीर एकत्र करायचे असल्यास आता सोय पूर्वीपेक्षा बरीच चांगली आहे. जून २०२५ पासून वैष्णोदेवीच्या पायथ्याचे कटरा ते श्रीनगर वंदे भारत गाडी सुरू झाली असून ती सुमारे तीन तासांत पोहोचवते आणि नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच असलेला चिनाब पूल बसल्या जागी दिसतो. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली आणि तिथून कटरा, हा मार्ग ज्येष्ठांना त्यातल्या त्यात सोयीचा पडेल. कटऱ्याहून भवनापर्यंतची, म्हणजे देवीच्या मंदिरापर्यंतची, चढण सुमारे तेरा किलोमीटरची आहे; वाटेतल्या अर्धकुंवारीच्या पुढे बॅटरीवर चालणारी वाहने मिळतात आणि भवनाहून भैरवनाथाच्या मंदिरासाठी रोपवे आहे. दर्शनानंतर एक पूर्ण दिवस कटऱ्यात विश्रांतीसाठी ठेवावा. मग आठ दिवसांत गुलमर्ग किंवा पहलगाम यांपैकी एकच राहते आणि तेवढे पुरे. श्रीनगरच्या शंकराचार्य टेकडीवर मंदिरासाठी गाडी वरपर्यंत गेली तरी पुढे सुमारे अडीचशे पायऱ्या उरतात, तेव्हा गुडघे पाहून ठरवावे. एप्रिलअखेर गेल्यास ट्यूलिपची बाग बहुधा संपलेली असेल. तेवढ्यासाठी तारखा बदलू नयेत.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, त्यामुळे किमान एक पोस्टपेड क्रमांक सोबत असावा. पहलगाममध्ये आरू, बेताब आणि चंदनवाडीसाठी तिथल्याच संघटनेची टॅक्सी घ्यावी लागते, श्रीनगरहून आणलेली गाडी चालत नाही. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगामजवळच्या बैसरन येथील पर्यटकांवरील दहशतवादी हल्ल्यानंतर अनेक पर्यटनस्थळे बंद करण्यात आली होती आणि त्यानंतर ती टप्प्याटप्प्याने उघडली जाऊ लागली. निघण्याच्या आठवड्यात चौकशी केल्याखेरीज पुढचे काही ठरवू नये. आपले आई-वडील आमच्या आईसारखे नसतील, त्यांना एकेका ठिकाणी खूण करण्यातच आनंद वाटत असेल, हेही शक्य आहे. तसे असल्यास माझे म्हणणे सोडून द्यावे आणि खुशाल सहल कंपनीबरोबर जावे.

पण आधी त्यांना विचारावे, आणि ते घरातल्या जावयासमोर विचारू नये. सोबत असे कोणी येणारच असेल तर त्यांना गुलमर्गच्या गोंडोलाचे, म्हणजे तिथल्या रोपवेचे, दुसऱ्या टप्प्यापर्यंतचे तिकीट काढून द्यावे. त्यात त्यांचा अख्खा दिवस जातो आणि आई-वडिलांना कुठेही निवांत बसता येते. हे तिकीट मात्र घरूनच ऑनलाइन काढून ठेवावे.