क्यूजीआयएसमध्ये गटांचे कोपरे जुळत नसतील, तर टॉलरन्स वाढवू नका

तुमची अडचण मला समजली ती अशी: क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एका गटाचा कोपरा ओढला की शेजारच्या गटाचा कोपरा जागेवरच राहतो आणि मधे फट पडते. टॉलरन्स, म्हणजे किती अंतरापर्यंतचे बिंदू आपोआप एकत्र ओढायचे ती मर्यादा, पाच मीटर केल्यावर कोपरे जुळले, पण पाणंदच मिटली. ती फाइल बाजूला ठेवा आणि मूळ प्रतीवरून पुन्हा सुरुवात करा. मिटलेली पाणंद परत आखताना ती नेमकी कुठे होती हे कोणालाच सांगता येणार नाही.

टोपोलॉजिकल एडिटिंग (सामाईक बिंदू दोन्ही गटांत एकदम हलवणारी सोय) सुरू असूनही हे होतं, कारण दोन बिंदूंचे कोऑर्डिनेट तंतोतंत एक असतील तरच ते सामाईक धरले जातात. पडद्यावर एकावर एक दिसणारे बिंदू काही मिलिमीटरनेही वेगळे असू शकतात. व्हर्टेक्स टूल, म्हणजे बिंदू हलवायचं साधन, घेऊन गटावर राइट-क्लिक करा. तक्त्यात एक्स-वाय दिसतील. मग शेजारच्या गटाचे आकडे त्याच्याशी ताडून पाहा.

आकडे शेवटच्या दशांशांत वेगळे असतील, तर दोन्ही गट बहुधा वेगवेगळ्या फाइलींतून किंवा प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) बदलून आले आहेत. विदर्भात हे हमखास होतं. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला यूटीएम या प्रोजेक्शनचा झोन ४३ आणि पूर्वेला ४४, म्हणजे अमरावती एकात तर वर्धा-नागपूर दुसऱ्यात. शेजाऱ्याला त्या जागी बिंदूच नसेल, त्याची सरळ रेषा नुसती तिथून जात असेल, तर जोडायला काहीच नाही. आधी बिंदू घालावा लागेल. आणि एकाच गटाचा पॉलिगॉन दोनदा आलेला असेल, तर तुम्ही वरचा ओढताय आणि खालचा तसाच राहतोय.

लेयर अंशांमध्ये आहे का, हेही बघा. अंशांमधल्या लेयरवर प्रोसेसिंगच्या साधनात दिलेला टॉलरन्सही अंशांतच मोजला जातो, आणि ०.०००१ अंश म्हणजे सुमारे ११ मीटर.

माझा क्रम असा: जिओपॅकेज प्रकारच्या फाइलमध्ये प्रत, यूटीएममध्ये रूपांतर, दुबार आकार काढणं, 'फिक्स जिऑमेट्रीज'ने बिघडलेले आकार दुरुस्त करणं. त्यानंतर बिंदू आपोआप जुळवणारं 'स्नॅप जिऑमेट्रीज टू लेयर', संदर्भ म्हणून तोच लेयर, आणि गरज तिथे नवे बिंदू घालणारा पर्याय. टॉलरन्स ५ सेंटिमीटरपासून सुरू करा. मग टोपोलॉजी चेकर लावून फटी आणि आच्छादनं शोधा. उरलेले कोपरे हाताने जुळवा. शेजारचे गट वेगळ्या लेयरमध्ये असतील, तर दोन्ही लेयर एडिट मोडमध्ये ठेवून व्हर्टेक्स टूल 'ऑल लेयर्स'वर घ्या.

हाताने जुळवायचं तिथेच खरं काम आहे, कारण सॉफ्टवेअरला कोणता बिंदू बरोबर हे माहीत नसतं. एक कोपरा रोव्हरने (उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या यंत्राने) दगडावर मोजलेला आणि दुसरा जुन्या नकाशाच्या स्कॅनवरून गिरवलेला असेल, तर गिरवलेला मोजलेल्याकडे न्यायचा. दोघांची सरासरी काढू नका. त्यात मोजलेला बिंदूही बिघडतो. जुनी मोजणी ३३ फुटी साखळीने, १६ आण्यांच्या हिशेबात झालेली आहे. एक आणा म्हणजे जवळपास ६३ सेंटिमीटर. त्या कागदावरून आलेल्या बिंदूंमध्ये अर्ध्या मीटरचा फरक दिसला तर तो नवलाचा नाही, पण म्हणून सगळ्या गावाला अर्ध्या मीटरचा टॉलरन्स लावायचा नाही. शिवेवर तर आपोआप जोडणी करूच नका. दोन गावांचे नकाशे स्वतंत्र तयार झालेले असतात आणि तिथला फरक मूळ कागदातलाच असतो. टिपण आणि फाळणी हे मोजणीचे मूळ कागद समोर ठेवून एकेक कोपरा ठरवा. कोणाच्या तरी बांधाचा प्रश्न आहे, तेवढा वेळ द्यायलाच हवा.

जोडणीआधी क्षेत्राचा एक रकाना भरून ठेवा, जोडणीनंतर दुसरा. चौरस मीटरला १०० ने भागलं की आर मिळतात. मग सातबाराशी ताडा. दोन्ही वेळा सूत्र एकच वापरा. डॉलर-एरिया प्रकल्पात निवडलेल्या एलिप्सॉइडवरचं, म्हणजे पृथ्वीच्या गोलसर आकारावरचं, क्षेत्र देतो, तर एरिया फंक्शन सपाट प्रोजेक्शनवरचं. झोन ४३ च्या मध्यावर, म्हणजे ७५ अंशांजवळ अहिल्यानगरच्या पट्ट्यात, दोन्हींत हेक्टरमागे सुमारे ८ चौरस मीटरचा फरक पडतो. तो जोडणीमुळे आलाय असं समजून लोक नको ते कोपरे हलवतात.

एवढं करूनही एखादा कोपरा अडला, तर दोन्ही गटांच्या त्या बिंदूचे एक्स-वाय आणि लेयरचा ईपीएसजी क्रमांक (प्रोजेक्शन कोणतं ते सांगणारा) इथे टाका. गट नंबर आणि खातेदाराचं नाव मात्र टाकू नका.